पंधरा मिनिटांच्या आत वाचू नये

किटच्या कागदावर मुंगीएवढ्या अक्षरांत छापलंय:
पंधरा मिनिटांच्या आत वाचू नये.
तीस मिनिटांनंतर वाचू नये.
मधे जे दिसेल ते खरं.

वडाळ्याला, सत्तेचाळीस मजल्यांच्या पायाशी
पत्र्याच्या खोल्यांची ओळ.
सिमेंटच्या गोणीवर मी टॉवेल पसरते,
त्यावर किट, कापूस, स्पिरिट, पेन.
मुकादम विचारतो, किती वेळ लागेल बाई? आज स्लॅब आहे.
म्हटलं, स्लॅबला किती दिवस पाणी मारता?
मग माझ्या पंधरा मिनिटांचं काय एवढं.

बुधन मुर्मू डावा हात पुढे करतो.
सुई आधी सिमेंटला भेटते, मग कातडीला.
रक्त येत नाही.
जोर से, दीदी, म्हणतो, आणि हसतो.
दुसऱ्यांदा येतो थेंब, मोहरीएवढा.
तो खळग्यात, वर द्रावणाचे थेंब,
किटच्या कडेला पेनाने वेळ: ११.०८.

भिंतीत ओल चढावी तसं
रक्त पट्टीवरून सरकू लागतं.

रजिस्टर उघडते. नाव, वय, गाव.
मुकादमाच्या वहीत तो नुसता ‘झारखंड ३’ आहे.
टोचलेल्या बोटाला आपण अनामिका म्हणतो,
नाव नसलेलं.
त्यातूनच रक्त काढायचं आणि वर नाव विचारायचं,
असा आमच्या खात्याचा कारभार.
ताप कसा येतो?
एक दिवस सोडून, चारच्या सुमाराला,
पाळीवर आल्यासारखा.

पलीकडे बायका हसतायत:
दोन रेघा आल्या तर पेढे वाट, बुधन!

११.१६.

पूर्वी नुसती काचपट्टी घ्यायचो.
ती डब्यातून शिवडीला जायची,
तिथं पेडणेकर मायक्रोस्कोपला डोळा लावून बसलेले,
निवृत्त होईपर्यंत.
काच खोटं बोलत नसे.
पण बोलायची तिसऱ्या दिवशी.

अशाच एका तिसऱ्या दिवशी मी परळच्या साइटवर चिठ्ठी घेऊन गेले.
सुकुमार, वय एकोणीस, मालद्याचा.
खोली रिकामी, खिळ्याला हेल्मेट.
कुणी म्हणालं पनवेलच्या कामावर पाठवला,
कुणी म्हणालं गावच्या गाडीत बसवला.
चिठ्ठीवर फाल्सिपॅरम.
गोळ्या मी परत जमा केल्या, सही करून.
तो ताप कुठं उतरला,
उतरला का,
रजिस्टरमध्ये तेवढा रकाना नाही.

११.२३.

पहिली रेघ कंट्रोलची. ती यावीच लागते.
ती नाही आली तर सगळं फुकट,
बोटसुद्धा.
आली.

दुसरी?
किट उजेडाकडे धरते. चष्मा पुसते.
आहे. इतकी फिकी,
की नाही म्हणायचा मोह व्हावा.
प्रशिक्षणात घाडीगावकर मॅडम म्हणाल्या होत्या,
फिकी रेघ ही रेघच, बायांनो.
थोडासा मलेरिया असं काही नसतं.

पहिली गोळी माझ्यासमोर, दोन बिस्किटं खाऊन.
बाकीच्या चौदा दिवस,
ताप गेला तरी. गेला तरी, ऐकलंस?

मग त्याची बायको. कपाळ तव्यासारखं,
पट्टीवर एकच रेघ.
पट्टी एवढंच सांगते की हे ते नाही.
काय आहे, ते सांगणं तिचं काम नाही.
तिला आजच दवाखान्यात पाठवायचं,
चिठ्ठी लिहिते, रिक्षाचे पैसे मुकादमाकडून काढते.

अर्ध्या तासानं दोन्ही किट लाल डब्यात.
आता त्यांवर काही उमटलं
तरी त्याला अर्थ नाही.

मुकादमाला म्हणते, लिफ्टचा खड्डा दाखवा.
तो म्हणतो, पाणी अगदी स्वच्छ आहे हो बाई.
तेच तर. त्या डासाला स्वच्छच लागतं.

खाली दोन मजले अंधार. मी वाकून बॅटरी मारते.
पाण्यावर आडव्या, बारीक,
किती तरी रेघा.

या वाचायला
पंधरा मिनिटं लागत नाहीत.